दुसऱ्या खेपेला उशीर नको

1742 साली मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने ज्या कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला, तिथल्याच फोर्ट विल्यमचं नाव आता विजयदुर्ग आहे. 2025च्या फेब्रुवारीत ही बातमी आली आणि सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गाची आठवण निघाली. फोर्ट विल्यमच्या सेंट जॉर्ज गेटचंही शिवाजी गेट झालं. लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय इथे आहे. त्यामुळे देशभरातून बदलीवर आलेल्या कुटुंबांचा इथे राबता असतो. त्यांत मराठी घरंही असतात आणि कुठल्या ना कुठल्या घरात मांजरही असतं.

समजा, अशाच एका घरात चार वर्षांचा बोका आहे. गुरुवारी त्याची लघवी तुंबली. घरच्यांनी धावपळ करून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी कॅथेटर घालून मूत्राशय मोकळं केलं, सलाईन दिलं आणि शनिवारी नळी काढून घरी पाठवलं. रविवारी रात्री बोका पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो. शेपटी थरथरते, पोट आवळलं जातं, पण वाळू कोरडीच राहते. तो बाहेर येतो, मागचा भाग चाटतो आणि पाच मिनिटांनी परत ट्रेमध्ये जातो. घरात बोलणं होतं, ‘‘औषध चालू आहे ना? कालच तर आणलंय. उद्या सकाळी बघू.’’

मांजराच्या आजारात सगळ्यात धोक्याचा काळ हाच असतो. पहिल्या खेपेला लोक सहसा हयगय करत नाहीत, घोळ होतो तो दुसऱ्या खेपेला. एकदा दवाखाना झाला, गोळ्या घरात आल्या की घरच्यांचं मन निवांत होतं. परत जायचं तर ‘डॉक्टरांना सारखा त्रास कशाला’ हा संकोच आडवा येतो. पैशाचा विचार असतोच, तो चुकीचाही नाही. शिवाय पिंजऱ्यात कोंबताना मांजर जो आकांत करतं, तो पुन्हा बघायची कुणाची तयारी नसते.

त्या बोक्यापुरतं बोलायचं तर सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. तिथे खडे किंवा चिकट गुठळी अडकली की लघवी मागे साठते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी काढल्यानंतरच्या दिवसांत मार्ग पुन्हा बंद होणं हे पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे. म्हणजे ‘कालच तर आणलंय’ हे थांबण्याचं कारण होऊच शकत नाही. काल आणलं आहे म्हणूनच आज जास्त डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. पुष्कळ घरांत ही धडपड बद्धकोष्ठ समजून तूप नाहीतर दूध पाजलं जातं आणि तेवढे तास हातचे जातात.

मांजर दुखणं अंगावर काढतं. कण्हत नाही, लंगडतं तेही लपवून. पलंगाखाली जाऊन बसतं आणि घरचे म्हणतात, आराम करतंय. ते घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, हाही भरवशाचा पुरावा नाही, कारण वेदनेतही मांजरं घुरघुरतात. मग बघायचं काय? कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोकं या पाच गोष्टी तिच्यात पाहतात. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे आवळलेले, मुस्कट ताणलेलं, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्यांच्या खाली गेलेलं असा चेहरा दुखणाऱ्या मांजराचा असतो. औषध सुरू होऊनही चेहरा असाच राहिला, तर मांजर परत दाखवायला हवं.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि त्यासाठी घड्याळाशिवाय काही लागत नाही. मांजर गाढ झोपलेलं असताना बरगड्यांकडे बघायचं. वर आणि खाली मिळून एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. झोपेतही आकडा सतत तीसच्या वर जात असेल, तर त्याच दिवशी फोन करावा. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसत असतील, तर फोनही गाडीत बसून करावा.

अंगाला हात लावून ताप बघणं मात्र फसवं. मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट.

खाण्याच्या बाबतीत तर फारच गैरसमज आहे. ‘भूक लागली की खाईल’ हे माणसाच्या लेकरांना लावलेलं शहाणपण मांजराला लावू नये. मांजर दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही, त्यातही ते गुटगुटीत असेल, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ आजारापेक्षा हा नवा आजार भारी पडतो. त्यामुळे औषध सुरू असतानाही चोवीस तास पोटात काही गेलं नाही, तर डॉक्टरांना कळवायलाच हवं. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो घटणं. नुसत्या नजरेला हे कळत नाही.

पिल्लांचा हिशोब आणखी वेगळा. बंगालात षष्ठी ही लेकरांची राखण करणारी देवी आणि तिचं वाहन मांजर. आपल्याकडची सटवाई हे तिचंच रूप मानतात. पण मांजराच्या पिल्लांना पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार झाला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ‘उद्या बघू’ म्हणण्याइतकी शिल्लक त्या एवढ्याशा देहात नसते. सकाळी दाखवून आणलेलं पिल्लू संध्याकाळी मलूल पडलं, तर संध्याकाळीच परत न्यावं. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते.

दोन खेपांच्या मधल्या काळात घरगुती डॉक्टरकीही सुरू होते. माणसाच्या तापावरचं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी जीव घेऊ शकते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीलाही पथ्य असतं. डॉक्सीसायक्लिन कोरडंच गिळवलं तर अन्ननलिका पोळते, म्हणून पाठोपाठ सिरिंजने थोडं पाणी पाजावं लागतं. गोळीनंतर मांजर गिळताना मान ताणू लागलं, तर तेही परत जाण्याचं कारण आहे.

उठसूट धावायला हवं असा याचा अर्थ नाही. केसांचा गोळा एकदा ओकून टाकला आणि मांजर पुन्हा खेळायला लागलं, तर फोन पुरतो, कदाचित तोही लागत नाही. पण फोनची मर्यादा ओळखावी. पुण्यातल्या जुन्या, ओळखीच्या डॉक्टरांना कोलकात्याहून व्हिडिओ पाठवता येतो. पोट चाचपून मूत्राशय दगडासारखं लागतंय का, हे त्यांना तिथून कळणार नाही.

या सगळ्यात पशुवैद्यांकडूनही एक गोष्ट मागायला हवी. कोलकात्यात बेलगाछियाला 1893 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला 1886 पासून. इतकी जुनी परंपरा असलेल्या या व्यवसायात केस पेपरवर औषध, डोस, दिवस सगळं लिहिलं जातं. मांजर कधी परत आणायचं, ते मात्र बऱ्याचदा ‘काही वाटलं तर या’ एवढ्यावर सुटतं. काही वाटणं म्हणजे काय, हे घरच्यांनी कसं ठरवावं? एफआयपीसारख्या (मांजरांना कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या) आजारात पहिल्या खेपेचं निदान साधा ताप असं होऊ शकतं. ठरलेल्या दिवसांत अँटिबायोटिकने ताप उतरला नाही, तेव्हाच शंका येते. पूर्वी हा आजार म्हणजे मरणच होतं. जीएस-441524 या औषधामुळे आता बरीच मांजरं वाचतात, पण नेहमीचा उपचार चौऱ्याऐंशी दिवसांचा आहे आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं. तिथवर पोचायला दुसरी खेप वेळेवर व्हावी लागते.

बदलीच्या नोकरीत तर कागदाला आणखी मोल. नव्या गावातल्या डॉक्टरांना मांजराचा पूर्वेतिहास माहीत नसतो. कोणती औषधं किती दिवस दिली, नळी कधी घातली, वजन कोणत्या तारखेला किती होतं, हे एका वहीत असलं तर ते पहिल्याच भेटीत निम्मं चित्र ओळखतात.

त्या बोक्याच्या केस पेपरवर शनिवारी दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या: ‘ट्रेमध्ये दोन-तीनदा बसूनही लघवी झाली नाही तर रात्र असली तरी लगेच आणा. रात्री आमचा दवाखाना बंद असतो, या नंबरवर फोन करा.’ मग रविवारी रात्री वाळू कोरडी दिसल्या दिसल्या कुणीतरी पिंजरा काढला असता आणि दुसऱ्याने टॅक्सी बोलावली असती.