तिकिटाचे पैसे आपल्याच हातात असावेत



पंढरीच्या विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, कोकणातले मूळ गाव शोधावे, ही इच्छा आमच्या मॉरिशसच्या मराठी घराघरांत आहे. विमानाची तिकिटे, कपडे, भेटवस्तू यांची तयारी महिनाभर चालते. बसचे भाडे कसे द्यायचे, हा विचार मात्र मुंबईत उतरल्यावर सुचतो.

आमच्या बेटावर ज्येष्ठांना २००५ पासून बसप्रवास मोफत आहे. त्यामुळे कित्येक आजी-आजोबांची जवळ सुटे पैसे ठेवण्याची सवय सुटली. मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये १० रुपये झाले. गर्दीत कंडक्टरपुढे ५०० ची नोट धरली, तर त्याने सुटे कुठून आणावेत? तिथले लोक चहाचे पैसेसुद्धा मोबाईलवरून, यूपीआयने देतात. मग पाहुण्यांचे भाडे नातेवाईकच भरतात. पहिल्या दिवशी ते प्रेम असते. पंधराव्या दिवशी दोघांनाही संकोच वाटू लागतो.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशस आणि भारत यांच्यात यूपीआयची सोय सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या खात्यातून तिथे पैसे देता येतील काय, हे निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. पण मोबाईलची बॅटरी संपली की ही सोयही थांबते. म्हणून पैसे बदलताना १०, २० आणि ५० च्या नोटा मागून घ्याव्यात. भाड्याचे पैसे लहान पिशवीत ठेवावेत. मोठी रक्कम चारचौघांत काढू नये. दोन्ही देशांचे नाणे रुपयाच, पण किंमत वेगळी, हेही ध्यानात असावे.

कपाटात मागच्या यात्रेतल्या नोटा असतील, तर त्या आधी तपासाव्यात. ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झाल्या. २००० ची नोट मे २०२३ मध्ये व्यवहारातून मागे घेतली गेली; तिच्या भरवशावर प्रवासाला निघू नये.

काही जण म्हणतात, "मुले बरोबर आहेत, म्हाताऱ्यांना पैसे कशाला?" हे आम्हांला पटत नाही. मुलांपासून गर्दीत चुकलेल्या आजीजवळ रिक्षापुरते पैसे नसतील, तर तिने काय करावे?

आमच्या सभांनी यात्रेपूर्वीची एक संध्याकाळ या शिक्षणासाठी द्यावी. ज्या हातांनी ऊस तोडून घर उभे केले, त्या हातांनी आपले तिकीट आपणच काढावे, एवढीच आमची विनंती आहे.