सहलीची भाड्याची मोटार : शेवटच्या बाकावर कोण बसणार?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "गाडी कुठली करायची?" तीस वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. नाक्यावर काळी-पिवळी जीप असे, कुणाकडे ट्रॅक्स, कुणाकडे मारुती व्हॅन. १९९४ साली सुमो आली आणि सन २००० मध्ये क्वालिस, तेव्हा कुठे गावच्या लोकांना "आरामाची गाडी" हा शब्द ठाऊक झाला. त्यातही दहा माणसे आणि दोन बोचकी कोंबली, की आराम संपला. गाडी जी मिळेल ती, आणि माणसे जितकी मावतील तितकी, असा हिशेब होता.

आता गाड्यांचे वर्ग झाले आहेत. हॅचबॅक, सेडान, सात आसनी, मोठी सात आसनी, टेम्पो ट्रॅव्हलर. प्रत्येकाचा किलोमीटरचा दर वेगळा. निवड वाढली, पण निवडण्याची रीत मात्र आपण जुनीच ठेवली आहे. एक तर सगळ्यांत स्वस्त गाडी ठरवायची, नाही तर शेजाऱ्याने केली म्हणून मोठी. कापडाच्या दुकानात बसणारा, वखारीत फळ्या मोजणारा किंवा फॅब्रिकेशनचे काम घेणारा आपला माणूस गिऱ्हाइकाशी इंचाइंचाचा हिशेब करतो. स्वतःच्या घरच्या माणसांना मात्र गाडीत कसे बसवायचे, याचा हिशेब तो करीत नाही. मीही केला नव्हता, म्हणून हे लिहितो.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला होण्याच्या आदल्या वर्षीची, म्हणजे २०२४ ची गोष्ट. खुलताबाद, वेरूळ आणि दौलताबाद असा तीन दिवसांचा बेत ठरला. अम्मी, आम्ही दोघे, धाकटा भाऊ व त्याची पत्नी आणि दोन मुले, अशी सात माणसे. गाडीवाल्याने सांगितले, "सात सीटर आहे, आरामात बसाल." दर परवडणारा होता. पहाटे गाडी दाराशी आली तेव्हा ध्यानात आले, की सातातली एक जागा ड्रायव्हरची असते! म्हणजे प्रवासी सहाच. शिवाय गाडी सी.एन.जी.ची. मागे टाकी बसवलेली, त्यामुळे बॅगा ठेवायला जागा नाही. वर कॅरिअर नाही. मग दोन बॅगा मधल्या बाकाखाली, एक मांडीवर, आणि धाकटे पोर भावाच्या पुढ्यात.

आता शेवटच्या बाकावर कोण? अशा वेळी घरातले सर्वांत वयस्कर माणूसच म्हणते, "मी बसते मागे, मुलांना पुढे घ्या." अम्मीही तसेच म्हणाली आणि आम्ही तिला बसू दिले. कसारा घाट चढता चढता तिचे गुडघे आखडले, वर गाडी लागली. इगतपुरीच्या पुढे थांबून तिला पुढच्या सीटवर आणले, तोवर उशीर झाला होता. वेरूळला आम्ही लेणी पाहून आलो आणि अम्मी वाहनतळावर गाडीतच बसून राहिली. परतताना भावाने सपत्नीक एस.टी. धरली. गाडीच्या भाड्यात वाचवलेले दोन-अडीच हजार रुपये आजही माझ्या डोळ्यांत खुपतात. गाडीवाल्याला मी दोष देत नाही. त्याने सात सीटर सांगितली आणि सात सीटरच आणली.

म्हणून माझे सरळ मत असे आहे, की गाडीचा वर्ग पुढच्या सीटवर बसून ठरवू नये. तो शेवटच्या बाकावरून ठरवावा. ज्या जागेवर बसायला घरात कुणीच राजी नसते, ती जागा जर घाटात चार तास सोसता येण्याजोगी असेल, तर ती गाडी आपल्या कुटुंबासाठी आरामाची. नसेल, तर ती जागा रिकामी राहणार असे धरूनच वर्ग निवडावा.

आपल्या वाचकांत गॅरेजवाले पुष्कळ आहेत, त्यांना यातले कारण वेगळे सांगायला नको. शेवटचे बाक मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे येते. खड्ड्याचा दणका आणि वळणाचा हेलकावा तिथेच सर्वांत जास्त बसतो. त्यात मागे पाटे असलेली गाडी असेल आणि भार कमी असेल, तर माणूस उडतो. बोलेरोसारख्या गाडीत मागे आडवी बाकडी असतात. बाजारहाटाला, लग्नाच्या वरातीला ती ठीक, पण आडवे तोंड करून माळशेज घाट चढलेल्या माणसाला विचारा! ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे किंवा मधल्या बाकावर बसावे आणि नजर समोर रस्त्यावर ठेवावी. मागच्या बाकावरून समोरचा रस्ता दिसतच नाही.

आता वर्गांकडे पाहू. चार माणसे असतील तर लोक डोळे झाकून सेडान करतात, कारण ती ऐटदार दिसते. डिझायरची डिकी ३८० लिटरच्या आसपास आहे, पण भाड्याच्या बहुतेक डिझायर सी.एन.जी.वर धावतात आणि टाकी डिकीतच असते. शिवाय सेडानची बैठक खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीत वाकून उतरावे आणि हात धरून उठावे लागते. त्यापेक्षा वॅगन आरसारखी उंच बैठकीची लहान गाडी दोन म्हातारी माणसे आणि एक जोडपे यांना बरी पडते. दर कमी, चढउतार सोपी. तीत माणसे चारच आणि बॅगा दोनच घ्याव्या, इतके पाळावे.

पाच-सहा माणसे असली की अर्टिगा. शहापूर-मुरबाड भागात भाड्याने सहज मिळणारी हीच गाडी आहे आणि ती वाईट नाही. मात्र तिसरे बाक उभे असताना तिच्या मागे फक्त २०९ लिटरची जागा उरते, म्हणजे दोन लहान बॅगा. सी.एन.जी. असेल तर तीही पुरती मिळत नाही. तेव्हा अर्टिगा ही पाच मोठी माणसे किंवा चार मोठी व दोन मुले यांची गाडी समजावी. तिसऱ्या बाकावर मुले बसवावी. सहा धडधाकट पुरुष आणि सहा बॅगा तीत बसवणारा स्वतः तीत बसत नाही.

इनोव्हा क्रिस्टा लांबीला ४७३५ मिलिमीटर, अर्टिगा सुमारे ४४००. हा सुमारे एका फुटाचा फरक शेवटच्या बाकाच्या गुडघ्यांत आणि मागच्या डिकीत दिसतो. तीन बाकांसह तिची डिकी सुमारे ३०० लिटर आहे. क्रिस्टा सात आसनी आणि आठ आसनी अशी दोन्ही येते. वयस्कर माणूस सोबत असेल तर मुद्दाम सात आसनी मागावी. तीत मधल्या ओळीला दोन सुट्या खुर्च्या असतात आणि त्यांच्यामधून मागे जाता येते. आठ-नऊ माणसे झाली की क्रिस्टात दाटी करण्यापेक्षा दोन लहान गाड्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलर करावी. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, हे वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. तिचा टोलही वेगळा. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दराने समृद्धीवर मोटारीला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आणि मिनीबसला ३ रुपये ३२ पैसे पडतात. अडीचशे किलोमीटरच्या एका फेरीला ५१५ आणि ८३० असा फरक झाला.

दराचे म्हणाल तर भाड्याच्या बोलीत किलोमीटरचा दर हा दिसायचा दर असतो. त्यामागे रोजचे किमान किलोमीटर असतात, बहुधा २५० किंवा ३००. गाडी उभी राहिली तरी ते लागतात. ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल, पार्किंग वेगळे. किलोमीटर आपल्या दारापासून नव्हे, तर बहुधा गाडीवाल्याच्या दारापासून मोजतात. शेणव्याच्या माणसाने कल्याणहून गाडी मागवली, तर रिकामी येण्या-जाण्याचे पैसे त्याच्याच माथी. समजा लहान आणि मोठ्या वर्गात किलोमीटरला चार रुपयांचा फरक आहे. तीन दिवसांचे ९०० किलोमीटर धरले तर ३,६०० रुपये झाले. सहा माणसांत माणशी दिवसाला दोनशे रुपये. इतका फरक आपण हॉटेलच्या एका जेवणात विसरतो.

दूरध्वनीवरून किंवा मोबाईलवरून गाडी ठरवताना आणखी एक मेख असते. तिथे गाडी नव्हे, वर्ग ठरतो. "क्रिस्टा किंवा तत्सम" असे लिहिलेले असते आणि तत्सम काय ते पहाटे कळते. आदल्या दिवशी गाडीचा नंबर मागून घ्यावा आणि एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकावा. नोंदणीचे वर्ष, विमा, योग्यता प्रमाणपत्राची मुदत समोर येते. आसनसंख्या आर.सी.वर असते आणि ती ड्रायव्हर धरून असते. मी नंबर विचारला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

आता थोडे कडू. आपल्याकडे बरीच सहल पांढऱ्या पाटीच्या गाडीतून होते. भाच्याने नवी गाडी घेतलेली असते. तो म्हणतो, "मामू, इंधनाचे द्या आणि वर हप्त्यापुरते काही द्या." स्वस्त पडते आणि नात्यातले काम होते, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. परंतु ड्रायव्हरसह भाड्याने धावणाऱ्या गाडीला पिवळी पाटी व काळी अक्षरे लागतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळते तिला काळी पाटी व पिवळी अक्षरे. पांढरी पाटी खासगी वापराची. परवाना नसता भाडे मारले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ अ खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आहे. दंडाचे एक वेळ सोडा. अपघात झाला तर खासगी विम्याची अट मोडली म्हणून विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण मिळते. मग भाच्याची गाडीही जाते आणि मामाचा दवाखान्याचा खर्चही अंगावर येतो. नाते राखायचे असेल तर भाच्याला परवाना काढायला सांगावे, त्यासाठी हवे तर चार पैसे उसने द्यावे.

पट्ट्याबद्दल आपण अजून हसण्यावारी नेतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी शेजारच्या पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर होते. गाडी अत्यंत महागडी होती. समोर तोंड करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावावा असा नियम आहे, आणि समृद्धीवर सपाटीला १२० ची वेगमर्यादा असताना मांडीवर पोर घेऊन बसणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याने समजावे. जितके पट्टे तितकी माणसे, हे आराम मोजण्याचेही चांगले माप आहे.

गाडीच्या धंद्यात पडलेल्या आपल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून सलग वाहू लागला. कल्याण-ठाण्याहून गाडी मागवण्याची गरज उरू नये, अशी ही संधी आहे. पण "सात सीटर" असे सांगून गिऱ्हाईक घेऊ नका. "सहा प्रवासी, सी.एन.जी., मागे दोन बॅगा" असे सांगा. एखादे भाडे जाईल. पण ज्याची आई घाटात रडली नाही, तो पुढच्या सुट्टीला तुमच्याकडेच येईल.

आमचा तोच बेत यंदा पुन्हा ठरला आहे. सात आसनी क्रिस्टा, पिवळी पाटी, गाडीवाला आसनगावचा. धाकटा भाऊ या वेळी सासुरवाडीला जाणार आहे, तेव्हा माणसे पाचच. मधल्या खुर्च्यांपैकी दाराकडची अम्मीची. मंगळवारी निघायचे म्हणत होतो, पण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून बुधवारी पहाटे निघतो आहोत.