हात लावायला परवानगी असलेले संग्रहालय



मुंबईला गेलो की हाजी अलीला जायचे, राणीबाग दाखवायची, थोडी खरेदी करायची आणि परतीची गाडी धरायची, असा अनेक कुटुंबांचा रिवाज आहे. त्याच हाजी अलीपासून थोड्या अंतरावर, वरळीत डॉ. ई. मोझेस रोडला नेहरू विज्ञान केंद्र आहे. महालक्ष्मी स्टेशनही जवळच. सुट्टीत मुंबईला जाणार असाल तर निदान अर्धा दिवस या जागेसाठी राखून ठेवा.

हे केंद्र एका दिवसात उभे राहिले नाही. आधीचा विचार नेहमीच्या पद्धतीच्या संग्रहालयाचा होता, म्हणजे यंत्रे काचेआड ठेवायची आणि लोकांनी लांबून पाहायची. पुढे तो बदलला. पाहणाऱ्याने स्वतः कळ दाबावी, चाक फिरवावे आणि काय होते ते अनुभवावे, असे ठरले. १९७७ मध्ये ‘प्रकाश आणि दृष्टी’ या विषयावरचे पहिले दालन खुले झाले. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते. त्या वर्षी मुलांसाठी मोकळ्या आवारात विज्ञान उद्यान सुरू झाले. संपूर्ण केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले.

आवारात जुने रेल्वे इंजिन आहे, ट्राम आहे आणि ‘मरुत’ हे लढाऊ विमानही आहे. मरुत हे भारतात विकसित झालेले पहिले जेट लढाऊ विमान. त्याचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये बंगळुरूला झाले आणि १९७१ च्या युद्धात ते वापरले गेले. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तिच्यातून प्रवास केलेली माणसे आज दादा-दादी, नाना-नानी झाली आहेत. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. ट्रामजवळ उभे राहून ते जे सांगतील ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसेल.

विज्ञान उद्यानांत हमखास दिसणाऱ्या दोन गोष्टी मुलांना जरूर करायला लावा. पहिली म्हणजे समोरासमोर, बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्या. एकीपाशी हळू आवाजात बोलले तरी दुसरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते. आवाज एरवी चहूकडे पसरून विरतो. तबकडीच्या वक्र आकारामुळे तो सरळ समोर जातो आणि दुसरी तबकडी त्याला पुन्हा एका बिंदूवर गोळा करते. घराच्या गच्चीवरची डिश अँटेना याच तत्त्वावर चालते.

दुसरी गोष्ट कप्पीची खुर्ची. खुर्चीत बसायचे, दोर ओढायचा आणि स्वतःच स्वतःला वर उचलायचे. ४० किलोच्या मुलीचा भार दोराच्या ४ पदरांवर वाटला गेला, तर घर्षण सोडून तिला साधारण १० किलोइतकाच जोर लावावा लागतो. पण १ मीटर वर जायला ४ मीटर दोर ओढावा लागतो. फुकट काही मिळत नाही. जोर वाचला तेवढी ओढ वाढली. विहिरीवर एका कप्पीने पाणी शेंदणाऱ्या आपल्या नानीला हे चटकन उमजेल.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अशा ठिकाणी बहुतेक वेळा भाऊ पुढे धावतो, कळ दाबतो, खुर्चीत बसतो. बहीण धाकट्याला सांभाळत किंवा डब्याची पिशवी धरून मागे उभी असते. ‘तू काय करणार, त्याला बघू दे’ असे आपणच सहज बोलून जातो. पुढे दहावीनंतर तीच मुलगी ‘सायन्स मला जमणार नाही’ म्हणते, तेव्हा आपल्याला नवल वाटते. पिशवी अब्बांनी धरावी आणि पहिली पाळी मुलीला द्यावी. अम्मीनेही कळ दाबून पाहावी. आई प्रश्न विचारते हे मुलांनी पाहिले की त्यांनाही प्रश्न विचारायची लाज वाटत नाही.

घाई करू नका. सगळी दालने पाहण्यापेक्षा पाच प्रयोग नीट समजून घेतलेले बरे. उत्तर लगेच सांगून टाकू नका. ‘तुला काय वाटते?’ असे आधी विचारा. स्वतःला उत्तर येत नसेल तर ‘घरी जाऊन शोधू’ म्हणा आणि खरोखर शोधा.

विदर्भातल्या वाचकांसाठी नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे, ते १९९२ मध्ये सुरू झाले. गोव्यात पणजीजवळ मिरामारला गोवा विज्ञान केंद्र आहे. निघण्यापूर्वी वेळ आणि तिकिटाची चौकशी तेवढी करून घ्या.