पुढचं वाक्यही वाचा

सहा डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. उन्हातान्हात उभं राहून माणसं पुस्तकं घेतात, पिशवीत भाकरीच्या शेजारी ठेवतात आणि रात्रीच्या गाडीने गावाकडे निघतात. यंदा तुम्ही जाणार असाल तर एक विनंती आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड काढले, त्यातला पंधरावा मागा. नाही मिळाला तर जवळच्या ग्रंथालयात विचारा. खंड जाडजूड आहे, इंग्रजीत आहे, म्हणून सहसा कुणी हात लावत नाही. १९४७ ते १९५६ या काळातली त्यांची संसदेतली भाषणं त्यात आहेत. संविधान लिहिणारे बाबासाहेब आपल्याला फोटोतून रोज भेटतात. विरोधी बाकावर बसून सरकारला घाम फोडणारे खासदार बाबासाहेब मात्र या खंडातच भेटतील.

हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून पडले. मग १९५२ मध्ये मुंबई राज्यातून वरिष्ठ सभागृहात गेले. त्या सभागृहाला राज्यसभा हे नाव १९५४ मध्ये मिळालं. तोवर ते कौन्सिल ऑफ स्टेट्स होतं. बाबासाहेब शेवटपर्यंत तिथेच होते.

आता तुमच्या फोनवर येणाऱ्या एका निरोपाविषयी. ‘संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन, असं खुद्द आंबेडकर म्हणाले होते.’ दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आसपास हा फिरतो. एक बाजू म्हणते, बघा, करणाऱ्यालाच ते नको होतं. दुसरी बाजू म्हणते, साफ खोटं, बाबासाहेब असं बोलूच शकत नाहीत. दोघांनीही कामकाजाचं पान उघडलेलं नसतं. ते तसं म्हणाले होते. तारीख २ सप्टेंबर १९५३. चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर चालली होती.

ही तारीख आणि विधेयक का सांगतो, ते पाहा. वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू वारले ते डिसेंबर १९५२ मध्ये. त्यानंतर सरकारने घाईघाईने तेलुगू भाषकांचं राज्य मान्य केलं. बाबासाहेबांचा प्रश्न साधा होता. नव्या राज्यात जमीन आणि सत्ता एकदोन बलदंड जातींकडे जाईल, मग गावाबाहेर राहणाऱ्या शेतमजुराने दाद कुणाकडे मागायची? म्हणून अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालाला खास अधिकार असावेत, असं ते मांडत होते. आणि हे मांडताना सारखं तेच ऐकावं लागत होतं, की घटना तर तुम्हीच केलीत! त्यावर ते चिडून बोलले, की मी भाडोत्री लेखणी होतो, मला सांगितलं ते मी मनाविरुद्ध केलं. त्याच भरात जाळण्याचं वाक्य आलं. पण पुढच्याच श्वासात ते म्हणाले की देश चालवायचा असेल तर बहुसंख्य असतात तसे अल्पसंख्यही असतात हे ध्यानात ठेवा, त्यांना दुखावण्याइतकी लोकशाहीची मोठी हानी दुसरी नाही. फिरणारा निरोप नेमका या वाक्याच्या आधी कापलेला असतो. कापणाऱ्याला कुठे कात्री लावायची हे बरोबर ठाऊक असतं, इतकंच म्हणतो.

राज्यपालाला जादा अधिकार द्यावेत हे मला स्वतःला पटत नाही. गेल्या काही वर्षांत राजभवनांवरून जे पाहिलं, त्यानंतर तर मुळीच नाही. पण पटत नाही हे मी त्यांचा सगळा युक्तिवाद वाचून म्हणू शकतो. तुम्हालाही तेवढंच करायचं आहे. ते म्हणाले म्हणून मान डोलवू नका, आणि आपल्याला अडचणीचं आहे म्हणून ‘बोललेच नव्हते’ असंही म्हणू नका.

पुढची गंमत तर दीड वर्षाने घडली. मार्च १९५५ मध्ये मालमत्तेच्या मोबदल्याबद्दलच्या चौथ्या घटनादुरुस्तीवर ते बोलत होते. एका सदस्याने मधेच आठवण करून दिली, मागे तुम्ही घटना जाळायची म्हणाला होतात. बाबासाहेबांनी उत्तर दिलं, की देव यावा म्हणून आम्ही देऊळ बांधलं; देवाची स्थापना होण्याआधीच दैत्य आत येऊन बसला, तर देऊळ पाडण्यावाचून काय उरतं? दुसरा कुणी म्हणाला, मग दैत्याला मारा, देऊळ कशाला पाडता? हा प्रश्न मला त्या उत्तराइतकाच मोलाचा वाटतो. सभागृहात एकाचं भाषण कधीच पुरं नसतं. अडवणारा, टोकणारा, हसणारा असतो म्हणून तर त्याला चर्चा म्हणायचं. त्याच भाषणात त्यांनी मालमत्तेच्या कलम एकतीसची जबाबदारी मसुदा समितीवर घ्यायला नकार दिला. काँग्रेसमधल्या नेहरू, पटेल आणि पंत यांच्या तीन मतांची ती तडजोड होती, असं त्यांनी उघड सांगितलं.

गोव्याच्या वाचकांनी २६ ऑगस्ट १९५४ चं परराष्ट्र धोरणावरचं भाषण काढावं. गोवा सोडवायला आणखी सात वर्षं लागणार होती. बाबासाहेबांनी तिथे पोर्तुगिजांकडून गोवा विकत घेण्याचा किंवा भाडेपट्ट्याने घेण्याचा मार्ग सुचवला, आणि दाखले दिले ते अमेरिकेने फ्रान्सकडून घेतलेल्या लुईझियानाचे आणि निजामाकडून इंग्रजांनी पट्ट्याने घेतलेल्या आपल्या वऱ्हाडाचे. हे ऐकून आज कुणाला हसू येईल, कुणाला राग. त्याच भाषणात तिबेट आणि पंचशीलावरून त्यांनी नेहरूंना धारेवर धरलं आहे. ते वाचताना मात्र हसू येत नाही.

आता आपल्या आजच्या खासदारांकडे या. महाराष्ट्रातून राज्यसभेवर एकोणीस जण जातात, गोव्यातून एक. त्यांना आमदार निवडतात, त्यामुळे आपण त्यांना विचारतच नाही की तिथे काय बोललात. विचारा. ‘इतक्या चर्चांत भाग घेतला’ असा आकडा पत्रकावर छापून आला तर त्यावर खूश होऊ नका. दोन मिनिटांचं अभिनंदनही त्यात मोजलेलं असू शकतं. कोणतं विधेयक, कोणती तारीख, आणि मतदान झालं तेव्हा हात कुणीकडे, एवढं पत्र लिहून मागा. राज्यसभेचं कामकाज, अगदी १९५२ पासूनचं, संसदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. तीस सेकंदांची चित्रफीत आली तर पुढे ढकलण्याआधी त्या दिवसाचं पान काढा. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला शेजारी बसवा. तिचाही अभ्यास होईल.

आणि सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर पंधराव्या खंडात आंध्रचं विधेयक शोधा. मधे मधे अडवणाऱ्यांची वाक्यं गाळू नका.