पत्ते वाटणारी नामानिराळी नसते



गेल्या महिन्यात आमच्या वन्संच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस झाला. मुलांनी 'कसिनो थीम' ठेवली होती. जेवण सूर्यास्ताआधी, कांदा-लसूण-बटाटा नाही, पाणी गाळून उकळलेलं. आणि शेजारच्या हॉलमध्ये हिरव्या कापडाची तीन टेबलं! पत्ते वाटायला येणारा मुलगा आलाच नाही. भाचा म्हणाला, "मामी, तू खेळत नाहीस ना, मग तूच वाट. तुला कसला दोष?" मला ते पटलं, हे आधी कबूल करते.

दहा मिनिटांत ब्लॅकजॅक शिकले. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकाचा किंवा अकराचा. एकवीसच्या जवळ जायचं, ओलांडलं की बाद. वाटणारीने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सोळापर्यंत पत्ता घ्यायचा, सतराला थांबायचं. खरी मेख पाचसहा डावांनंतर कळली. वाटणारी सगळ्यांच्या शेवटी खेळते. समोरची बावीसवर गेली की तिच्या चकत्या मी तिथेच ओढून घ्यायच्या. नंतर माझेही पत्ते एकवीसच्या वर गेले तरी तिला काही परत नाही. बुडालो दोघी, चकत्या मात्र माझ्याकडे! ब्लॅकजॅकमध्ये कसिनोची कमाई मुख्यतः या एवढ्याशा क्रमातून होते.

जाऊबाईंनी सोळावर पत्ता मागितला. मी टाकला, राणी निघाली. त्यांचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. सकाळी सामायिक करणारी मी.

"अगं, नोटा खोट्या होत्या," असं नंतर सगळ्यांनी समजावलं. नोटा खोट्या होत्या, मान्य. जाऊबाईंचं हिरमुसणं खोटं होतं का? माझा आनंद खोटा होता का? पाठशाळेत आपण सात व्यसनं पाठ केली, त्यात पहिला जुगार, आणि उदाहरण युधिष्ठिराचं. त्याचबरोबर कृत, कारित, अनुमोदनाही शिकलो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, करणाऱ्याला मान डोलावणं. मग 'मी फक्त वाटते' हे कुठल्या खात्यात बसवायचं? बटाट्याच्या बाबतीत तर आपण असं म्हणत नाही. 'मी खात नाही, फक्त वाढते' असं म्हणून कुणी पाहुण्यांच्या ताटात बटाट्याची भाजी वाढेल का?

आपल्या राज्यात १९७६ साली कसिनोंचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सरकारने दाराबाहेर ठेवलेली वस्तू आपण भाडं देऊन मंगल कार्यालयात आणतो, तेही लेकराबाळांसमोर. वन्संचा सात वर्षांचा नातू त्या रात्री टेबलावर बोट आपटून "अजून एक, अजून एक" करत होता. सगळे हसले. मीही त्याला पत्ता दिला.

दिवाळीतल्या तीन पत्तीबद्दल मला विचाराल तर तिथेही माझं हेच म्हणणं आहे. तिथे तर नोटाही खऱ्या असतात.

आता महिला मंडळाच्या सहलीत 'कसिनो नाइट' घालायचं चाललंय, आणि अनुभव आहे म्हणून वाटायला माझं नाव घातलंय. मी ते काढायला सांगितलं, आणि का ते ग्रुपवर लिहिलं. चार जणींनी हात जोडले, बाकी गप्प. वन्संचा अजून फोन नाही.