कोकणात लाल शेवाळाची शेती: खरी अडचण पावसाळ्याची

नायगावच्या किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास लाल समुद्री शेवाळापासून बनतं. समुद्री शेवाळाच्या शेतीसाठी केंद्राने २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत ६४० कोटी रुपये ठेवले. कोकणाला त्याचा फायदा कसा होईल?

आइस्क्रीममध्ये लागणारं कॅरागीनन देणारं कप्पाफायकस हे लाल शेवाळ लिटरमागे साधारण ३० ते ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात चांगलं वाढतं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा घटतो आणि शेवाळ पांढरं पडून तुटतं. गढूळ पाण्यात उजेड कमी पोचतो, वाढ मंदावते. उलट, फार कडक उन्हात लाल रंगद्रव्य घटतं.

पीक साधारण ४५ दिवसांत तयार होतं. म्हणजे पावसाळा सोडूनही काही पिकं निघतील. पण या शेवाळाच्या फांद्यांचे तुकडे हेच बियाणं. ते चार महिने जगवण्याची सोय आधी हवी.