अपडेट बंद करू नका

स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेली आपली मुलं ओल्ड राजेंद्र नगरात खोली घेतात आणि जुन्या लॅपटॉपसाठी नेहरू प्लेस गाठतात. तिथे विंडोज आणि ऑफिस ‘टाकून’ मिळतं. परवान्याची तपासणी चुकवणारा क्रॅक चालावा म्हणून दुकानदार आधी अँटिव्हायरस बंद करतो, आणि लॅपटॉप हातात देताना बजावतो, ‘अपडेट मत करना.’ मुलं हे इमानेइतबारे पाळतात. त्या दुकानातला सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच आहे.

चोरीच्या प्रतींना कंपन्यांनी अपडेट द्यावेत का, असा वाद बरीच वर्षं चालू आहे. पैसे न देणाऱ्याला सेवा कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. चोरी ती चोरीच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून धंद्यात वापरली तर किमान 7 दिवसांची आणि जास्तीत जास्त 3 वर्षांची कैद आहे. हार्ड डिस्कमध्ये सॉफ्टवेअर भरून संगणक विकणाऱ्या एका विक्रेत्याला दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टला सुमारे 20 लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती.

तरीही सुरक्षेचं अपडेट अडवू नये, असं माझं ठाम मत आहे. कंपनीने नव्या सोयी खुशाल अडवाव्यात, पडद्यावर सूचना झळकवाव्यात. पण अपडेट न मिळालेल्या लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस तिथेच थांबत नाही. पीजीच्या वायफायवरून, पेन ड्राइव्हवरून तो पूर्ण पैसे मोजून विंडोज घेतलेल्या शेजाऱ्याकडेही जातो. चोरी एकाची आणि भोग दुसऱ्याच्या वाट्याला, हा कुठला न्याय?

2008 सालचंच पाहा. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नकली विंडोज एक्सपीचा वॉलपेपर दर तासाला काळा करायला सुरुवात केली. सुरक्षेचे अपडेट कंपनी नकली प्रतींनाही देत होती, पण असली-नकली ओळखणारी तपासणी अपडेटच्याच वाटेने येत होती. साहजिकच अनेकांनी ती वाटच बंद केली. त्याच वर्षी 23 ऑक्टोबरला विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारं अपडेट आलं आणि नोव्हेंबरमध्ये नेमक्या त्याच भगदाडातून कॉनफिकर हा घातक प्रोग्राम घुसला. जगभरातले लाखो संगणक त्याने धरले. 2017 मध्ये तेच घडलं: अपडेट 14 मार्चला आलं, वॉनाक्राय हा तसाच घातक प्रोग्राम 12 मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत अपडेट न केलेले संगणक, असली असोत की नकली, उघडेच राहिले. म्हणून कंपन्यांना सांगणं आहे की चोर पकडायची तपासणी आणि सुरक्षेचं अपडेट एकाच वाटेने पाठवू नका.

आता मायक्रोसॉफ्ट बरीचशी त्याच दिशेने आली आहे. ॲक्टिव्हेट न केलेल्या विंडोज 11 मध्ये कोपऱ्यात पुसट सूचना राहते, वॉलपेपर सेटिंगमधून बदलता येत नाही, पण सुरक्षेचे अपडेट येत राहतात. खरा धोका क्रॅकमध्ये आहे. अँटिव्हायरस बंद करून, सगळे अधिकार देऊन तुम्ही एका अनोळखी माणसाचा प्रोग्राम चालवता. त्यात आणखी काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही परीक्षेचा अर्ज भरता, बँकेचा पासवर्ड टाकता.

लॅपटॉप घेताना विंडोजची किंमत बिलात वेगळी लिहून मागा. परवडत नसेल तर उबुंटू आणि लिब्रेऑफिस घ्या. दोन्ही फुकट, कायदेशीर, आणि नोट्स काढायला, पीडीएफ वाचायला पुरेसे. आधीच क्रॅक टाकलेला असेल तर फायली बाजूला काढून लॅपटॉप फॉरमॅट करा. ते जमेपर्यंत केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं वापरून तपासणी करा आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, तेव्हा जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी त्यावर विंडोज 11 चालेल का, हे दुकानातच विचारावं. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि घरातल्या ज्या संगणकावर कुणाच्या सांगण्यावरून अपडेट बंद केले असतील, ते आज रात्री झोपण्यापूर्वी चालू करा.